पाणबुडीला धुराडी का बसवली, आणि 'फ्लीट सबमरीन' हे नाव कुठून आलं

प्रश्न दोन आहेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी पाणबुडीत बॉयलर आणि धुराडी का बसवली? आणि दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पाणबुड्या एकट्याच फिरायच्या, तर त्यांना 'फ्लीट' म्हणजे ताफ्याची पाणबुडी का म्हणायचे? दोन्हींचं मूळ एकच, म्हणून उत्तर एकत्र देतो. मी नौदलात बरीच वर्षं फॉक्सट्रॉट जातीच्या पाणबुड्यांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यामुळे या गोष्टीकडे मी इंजिनाच्या बाजूने बघतो. आणि ही गोष्ट खरोखर इंजिनाचीच आहे.

सुरुवात एका आकड्यापासून करू: २१ नॉट, म्हणजे ताशी २१ सागरी मैल. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला बॅटलशिपांचा, म्हणजे मोठ्या तोफांच्या युद्धनौकांचा, ताफा साधारण या वेगाने चालायचा. ब्रिटिशांची नवी क्वीन एलिझाबेथ जातीची जहाजं त्याहून वेगवान, २४ नॉटच्या आसपास. त्या काळातली ब्रिटिशांची भरवशाची पाणबुडी म्हणजे ई-क्लास. पृष्ठभागावर तिचा वेग १५ नॉट. अॅडमिरल्टीचं, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयाचं, स्वप्न असं होतं की समोरासमोरची मोठी लढाई होईल, तेव्हा पाणबुड्या आपल्या ताफ्याबरोबर धावत जातील, ऐन वेळी बुडी मारतील आणि शत्रूच्या रांगेवर टॉर्पेडो सोडतील. त्यासाठी पाणबुडीने ताफ्याचा वेग गाठायला हवा. जर्मन लोक २२ नॉटच्या पाणबुड्या बांधताहेत अशी अफवाही तेव्हा पसरली होती.

जहाजाचा वेग वाढवायचा तर लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. १५ वरून २४ नॉटवर जायचं म्हणजे वेग १.६ पट, पण ताकद चौपटीहून जास्त. तीही बोट तेवढीच ठेवली तर. आणि बोट तेवढी राहत नाही. मोठं इंजिन, त्याला जास्त तेल, त्याला मोठा सांगाडा, त्याला आणखी मोठं इंजिन, असं हे चक्र फिरत राहतं.

आता त्या वेळचं डिझेल बघा. व्हिकर्स कंपनीचं डिझेल एका सिलिंडरमागे १०० हॉर्सपॉवर द्यायचं. ई-क्लासमध्ये ८ सिलिंडरची दोन इंजिनं होती, प्रत्येकी ८०० हॉर्सपॉवर. वेग वाढवण्यासाठी जे-क्लास काढला. त्यात १२ सिलिंडरची तीन इंजिनं, तीन शाफ्ट (पंखे फिरवणारे दांडे), एकूण ३,६०० हॉर्सपॉवर. बोट पावणेतीनशे फूट लांब झाली आणि वेग मिळाला जेमतेम १९ नॉटच्या पुढे. बोटी म्हणून त्या चांगल्या होत्या. नोव्हेंबर १९१६ मध्ये जे-१ ने टॉर्पेडोंच्या एकाच फैरीत दोन जर्मन बॅटलशिपांना मार दिला होता. पण ताफ्याबरोबर धावणं त्यांना जमणार नव्हतं. २४ नॉटसाठी जी ताकद लागणार होती, ती सिलिंडरमागे १०० च्या हिशेबाने काढायची तर एका बोटीत शंभरावर सिलिंडर बसवावे लागले असते.

म्हणून वाफ. हा निर्णय आज वेडेपणाचा वाटतो, पण आराखडा काढणारे लोक वेडे नव्हते. एवढ्या जागेत एवढी ताकद देणारं दुसरं यंत्र त्या वेळी जगात नव्हतं. के-क्लास या नव्या पाणबुड्यांमध्ये तेलावर चालणारे दोन यारो बॉयलर बसवले, दोन टर्बाइन, १०,५०० हॉर्सपॉवर. लांबी ३३९ फूट, पृष्ठभागावर वजन सुमारे १,९८० टन, म्हणजे ई-क्लासच्या जवळजवळ तिप्पट. वेग हवा होता तेवढा, २४ नॉट, खरोखर मिळाला. कागदावर मागितलेली गोष्ट या बोटींनी पुरी केली, हे त्यांच्याबद्दल लिहिताना सहसा कोणी सांगत नाही.

अडचण बुडी मारताना होती. डिझेल बोटीत बुडीचा हुकूम आला की इंजिनरूममध्ये काय होतं ते सांगतो. इंजिनं बंद. हवा आत घेण्याची झडप बंद, धूर बाहेर सोडण्याची झडप बंद. एकाने चाक फिरवून घट्ट करायचं, दुसऱ्याने हात लावून खात्री करायची, मग कंट्रोलरूमला कळवायचं. 'बंद' हा शब्द तोंडातून काढण्याआधी हाताला तो जाणवला पाहिजे, असं आमच्या जुन्या चीफने आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. बॉयलरला मात्र डिझेलपेक्षा कितीतरी जास्त हवा लागते आणि तिला आत यायला तेवढीच मोठी भोकं लागतात. के-क्लासवर आधी बर्नर विझवायचे, मग दोन धुराडी आडवी पाडायची, धुराड्यांच्या तळाची झाकणं लावायची, बॉयलररूमच्या हवेच्या चार मोठ्या झडपा बंद करायच्या, टर्बाइनची वाफ तोडायची आणि मोटरी जोडायच्या. उत्तम सराव असलेल्या बोटीलाही याला तीन-साडेतीन मिनिटं लागत. साधारण बोटीला पाच. शत्रूचं विनाशिका जहाज दिसल्यावर पाच मिनिटं म्हणजे फार मोठा काळ. शिवाय विझवलेला बॉयलर लगेच थंड होत नाही. पाण्याखाली बंद डब्यात तो तापलेलाच असतो.

खराब समुद्रात पृष्ठभागावर चालतानाही लाटेचं पाणी धुराड्यातून आत येऊन आग विझायची. ती शक्यता धरूनच एक ८०० हॉर्सपॉवरचं डिझेल जनित्र आत ठेवलं होतं. म्हणजे एका बोटीत वाफ, डिझेल आणि बॅटरी अशी तीन यंत्रं. ज्याने इंजिनरूम सांभाळली आहे, त्याला हे वाचूनच धडकी भरेल.

आणखी एक हिशेब आहे. के-क्लासची सुरक्षित खोली होती २०० फूट आणि बोटीची लांबी ३३९ फूट. बोट १० अंश पुढे झुकली की नाळ (पुढचं टोक) आणि शेपूट यांच्या खोलीत सुमारे ६० फुटांचा फरक पडतो. ३० अंश झुकली तर १७० फुटांचा. म्हणजे शेपूट पृष्ठभागाजवळ आहे आणि नाळ चिरडण्याच्या खोलीकडे निघाली आहे, अशी स्थिती. त्यात पुढचं सपाट लांब डेक पाण्याखाली जाताना बोटीला आणखी खाली ओढायचं. डिसेंबर १९१६ मध्ये के-३ चाचणीत अशीच ताबा सुटून खाली गेली आणि नाळ चिखलात रुतली, शेपूट पाण्याबाहेर. आत राजपुत्र अल्बर्ट, म्हणजे पुढचे राजे सहावे जॉर्ज, होते. २० मिनिटांनी ती सुटली.

के-१३ सुटली नाही. २९ जानेवारी १९१७, स्कॉटलंडमधलं गेअरलॉक, ताब्यात देण्याआधीची शेवटची बुडी. आत ८० माणसं: नाविक, शिवाय गोदीचे कामगार आणि अधिकारी. बोट खाली गेली आणि बॉयलररूम पाण्याने भरली. पुढे बोट वर काढली तेव्हा हवेच्या चारही झडपा उघड्या सापडल्या. मागच्या भागातली सगळी माणसं गेली. अपघातात एकूण ३२ जण मेले. पुढच्या भागात जे वाचले त्यांच्यात दुसऱ्या बोटीचा कप्तान गुडहार्ट होता. मदतीचा निरोप घेऊन वर जायचं त्याने स्वीकारलं. त्याला कॉनिंग टॉवरमधून, म्हणजे बोटीच्या वरच्या मनोऱ्यातून, बाहेर पाठवायला के-१३ चा कप्तान हर्बर्ट सोबत गेला होता. गुडहार्ट वाटेतच आदळून मेला आणि परत आत जायच्या बेताने आलेला हर्बर्ट हवेच्या बुडबुड्याबरोबर वर फेकला गेला. शेवटी नाळ वर उचलून, पत्रा कापून, ५७ तासांनी उरलेल्यांना बाहेर काढलं. मी जेव्हा जेव्हा झडपेच्या चाकावर हात ठेवला, तेव्हा तेव्हा मला या चार झडपा आठवल्या आहेत.

तीच बोट दुरुस्त करून के-२२ या नावाने पुन्हा समुद्रात पाठवली. ३१ जानेवारी १९१८ च्या रात्री, स्कॉटलंडच्या मे बेटाजवळ, ती पुन्हा या गोष्टीत येते. रोसाइथहून निघालेला ताफा दिवे मंद करून सरावाला चालला होता आणि त्यात के-क्लासच्या दोन फ्लोटिला (तुकड्या) होत्या. के-१४ चं सुकाणू अडकलं, तिच्यावर मागून के-२२ आदळली. मग बॅटलक्रूझर इनफ्लेक्सिबल के-२२ वर आली. मदतीला मागे वळलेल्या फ्लोटिलाच्या वाटेत दुसरी फ्लोटिला येत होती. फिअरलेस या क्रूझरने के-१७ बुडवली, के-६ ने के-४ ला कापलं. तासा-सव्वा तासात दोन बोटी बुडाल्या, शंभराहून जास्त माणसं गेली. पाण्यात पोहणारी के-१७ ची माणसं मागून येणाऱ्या विनाशिकांखाली सापडली. शत्रूची एकही गोळी सुटलेली नव्हती.

याला निव्वळ दुर्दैव म्हणणं मला पटत नाही. पाणबुडीचा ब्रिज, म्हणजे जिथे उभं राहून ती हाकतात ती जागा, पाण्याच्या अगदी जवळ असतो, तिथून अंधारात फार कमी दिसतं. इतक्या लांब बोटीला वळायला मोठ्या क्रूझरइतकी जागा लागते. अशी बोट २० नॉटच्या आसपास चालणाऱ्या, एकामागे एक लागलेल्या मोठ्या जहाजांच्या रांगेत घालणं, हाच मूळ दोष होता. १७ के-बोटी युद्धकाळात पुऱ्या झाल्या. शत्रूशी त्यांची खरी गाठ एकदाच पडली. जून १९१७ मध्ये के-७ ने एका जर्मन पाणबुडीवर टॉर्पेडो मारला, तो लागला आणि फुटला नाही.

ब्रिटिशांच्या गोष्टीचा शेवट इथेच सांगून टाकतो. १९३२ मध्ये त्यांनी थेम्स ही पाणबुडी काढली. सुपरचार्जर लावलेली दहा सिलिंडरची दोन डिझेल, मिळून १०,००० हॉर्सपॉवर. सिलिंडरमागे ५००! धुराडं नाही, बॉयलर नाही, आणि वेग २२ नॉट. जे १९१५ मध्ये वाफेशिवाय अशक्य होतं ते १७ वर्षांत डिझेलने करून दाखवलं. पण तोवर २७-२८ नॉटच्या पुढच्या बॅटलशिपांचे आराखडे येऊ लागले होते. वीस बांधायच्या होत्या, बांधल्या तीन.

आता अमेरिका. तिथेही मागणी तीच, २१ नॉट. त्यांनी वाफेच्या वाटेला न जाता डिझेल इंजिनं एकामागे एक जोडली. श्ली आणि तिच्या दोन बहिणी, ज्यांना पुढे टी-क्लास म्हटलं गेलं, त्यांच्यात एका शाफ्टवर दोन इंजिनं अशी चार इंजिनं होती. १९२० ते १९२२ मध्ये त्या सेवेत आल्या आणि १९२३ पर्यंत तिन्ही बाजूला काढल्या गेल्या. कारण क्रँकशाफ्टचं पिळवटणं.

हे जरा समजावून सांगतो, कारण पुस्तकांत 'इंजिनात कंपनं होती' एवढंच लिहून पुढे जातात. क्रँकशाफ्ट आपल्याला जाड लोखंडी दांडा दिसतो, पण तो थोडा पिळला जातो. प्रत्येक सिलिंडर पेटला की दांड्याला एक पीळ बसतो आणि तो सैल होतो. दांडा जितका लांब तितका तो जास्त पिळतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावत राहिलं की तो चढत जातो, तसं एका ठरावीक फेऱ्यांना या पिळांचा ताल दांड्याच्या स्वतःच्या तालाशी जुळतो. मग काही तासांत कपलिंगचे बोल्ट तुटतात, गिअरचे दात जातात, शेवटी दांडा तडकतो. डिझेलवर काम केलेल्या कोणालाही विचारा. फेऱ्यांच्या काट्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो, त्या पट्ट्यात थांबायचं नाही, झटकन पार व्हायचं. बेडप्लेटवर, म्हणजे इंजिनाच्या पायावर, तळहात ठेवला की तो पट्टा आल्याचं हाताला कळतं, कानाला नंतर कळतं. श्लीमध्ये दोन इंजिनं एका रेषेत जोडल्यामुळे दांडा दुप्पट लांब झाला होता आणि नेमका हवा असलेला वेग त्या पट्ट्यात येत होता.

पुढच्या तीन बोटी बाराकुडा, बास आणि बोनिटा, १९२४ ते १९२६. अमेरिकेतल्या पोर्ट्समथच्या नेव्ही यार्डमध्ये बांधलेल्या, ३४१ फूट लांब, २,००० टनांच्या वर. दोन मोठी डिझेल थेट शाफ्टला जोडलेली, आणि पुढे दोन लहान डिझेल फक्त वीज तयार करायला. ठरलेला वेग २१, मिळाला १८.७. बोटी जड, नाळेकडे पाणी घेणाऱ्या, खलाशांच्या नावडत्या. पण त्या पुढच्या दोन लहान इंजिनांकडे लक्ष द्या. ती शाफ्टला जोडलेलीच नव्हती. ती वीज करायची आणि मोटर शाफ्ट फिरवायची.

मधल्या काळात अमेरिकेने आणखी मोठ्या बोटी केल्या. सुरुंग पेरणारी आर्गोनॉट ३८१ फुटांची. नार्व्हाल आणि नॉटिलस या दोघींवर प्रत्येकी दोन सहा इंची तोफा. पण १९३० च्या लंडन कराराने पाणबुड्यांच्या एकूण वजनावर मर्यादा घातली: अमेरिका, ब्रिटन, जपान, प्रत्येकी ५२,७०० टन. आता एक बोट २,७०० टनांची केली की दोन लहान बोटींची जागा जाते. मग लहान बोटी करून बघितल्या. त्यांतल्या कटलफिशवर १९३४ मध्ये पहिल्यांदा एअर कंडिशनिंग बसवलं. यावर पुढे नौदलात मोठा वाद झाला. अॅडमिरल हार्टसारखे वजनदार लोक लहान, साध्या बोटींच्या बाजूचे होते आणि त्यांना ही चैन वाटायची. मला याबद्दल ठाम बोलायचं आहे. बंगालच्या उपसागरात इंजिनं बंद करून खाली गेलं की गरम इंजिनांची धग, सत्तर-पंचाहत्तर माणसांचा श्वास आणि बाहेरचा गार पत्रा, यांनी तासाभरात भिंतींवरून पाणी ओघळायला लागतं. ते पाणी केबलच्या जोडात शिरतं, स्विचबोर्डात शिरतं. इन्सुलेशनचं रीडिंग घसरताना मी पाहिलं आहे. पाणबुडीतलं एअर कंडिशनिंग आधी विजेच्या यंत्रणेसाठी असतं, माणसाला गार वाटतं तो त्याचा दुसरा फायदा.

इंजिनाचा प्रश्न सुटला तो रेल्वेमुळे. विंटन कंपनीचं २०१-ए हे हलकं, वेगवान फेऱ्यांचं दोन-स्ट्रोक डिझेल नौदलालाही हवं होतं आणि रेल्वेलाही. २६ मे १९३४ ला झेफर नावाची स्टीलची आगगाडी याच जातीच्या ६०० हॉर्सपॉवरच्या इंजिनावर डेन्व्हरहून शिकागोला, हजार मैलांहून जास्त अंतर, वाटेत न थांबता १३ तास ५ मिनिटांत गेली. त्यानंतरच्या पॉर्पस जातीच्या पाणबुड्यांत याच घराण्याची १६ सिलिंडरची चार इंजिनं बसली. आणि बाराकुडाच्या पुढच्या भागातली युक्ती आता सगळ्या बोटीला लावली: एकही इंजिन शाफ्टला जोडायचं नाही. चारही इंजिनं वीज करणार, मोटरी शाफ्ट फिरवणार. इंजिनाला त्याच्या आवडीच्या फेऱ्यांवर ठेवता येतं, लाल पट्टा टाळता येतो, एक इंजिन बॅटरी भरायला आणि तीन वेगाला अशी वाटणी करता येते, एक उघडून दुरुस्त करताना तीन चालू ठेवता येतात. माझ्या दृष्टीने संपूर्ण इतिहासातला हा सर्वात मोठा निर्णय आहे. यातही ठेचा लागल्या. एचओआर कंपनीची पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी जोर देणारी इंजिनं काही बोटींत बसवली, त्यांनी खलाशांना रडवलं आणि शेवटी ती काढून टाकावी लागली.

१९३८ च्या सुमाराला चार्ल्स लॉकवूड हा पाणबुडी अधिकारी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोठ्या बोटीचा आग्रह लावून धरला. त्यातून टँबॉर आणि मग गॅटो जात आली: ३१२ फूट, पृष्ठभागावर सुमारे १,५२५ टन, चार डिझेल, ५,४०० हॉर्सपॉवर, २४ टॉर्पेडो, १० नॉटने ११,००० सागरी मैल, ७५ दिवसांची गस्त. आणि वेग? २१ नॉट. वीस वर्षांपूर्वी मागितलेला आकडा अखेर मिळाला.

पण ज्यांच्यासाठी तो मागितला होता त्या बॅटलशिपांपैकी काही लवकरच पर्ल हार्बरच्या तळाशी बसल्या. ७ डिसेंबर १९४१ लाच जपानविरुद्ध अनिर्बंध पाणबुडी युद्धाचा, म्हणजे व्यापारी जहाजंही इशारा न देता बुडवण्याचा, हुकूम निघाला आणि ताफ्याच्या पाणबुड्या व्यापारी जहाजांमागे एकट्या सुटल्या. नाव मागे राहिलं, काम बदललं. पण त्या जुन्या मागणीतून जे जे मिळालं होतं, ते सगळं उपयोगी पडलं. ८-१० नॉटने चालणारा व्यापारी जहाजांचा ताफा दिवसा दिसला की क्षितिजापलीकडून पृष्ठभागावर वळसा घालून त्याच्या पुढे जायचं आणि रात्री वाट अडवायची. हे २१ नॉटशिवाय जमलं नसतं. पॅसिफिक ओलांडून जपानच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परत यायला जे तेल लागतं, ते लहान बोटीत मावलं नसतं. जपानच्या बुडालेल्या व्यापारी जहाजांपैकी निम्म्याहून जास्त अमेरिकन पाणबुड्यांनी बुडवली. त्यांच्याही ५२ बोटी आणि सुमारे ३,५०० माणसं गेली.

ताफ्याच्या लढाईत यांतली एखादी बोट कधी उतरलीच नाही का? उतरली, आणि तीही जुन्या, अवजड, मंद पिढीतली: सहा इंची तोफांची नॉटिलस. ४ जून १९४२ च्या सकाळी पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळ ती जपानी अॅडमिरल नागुमोच्या विमानवाहू जहाजांच्या मधोमध पेरिस्कोप वर काढून बसली. तिने एका बॅटलशिपवर टॉर्पेडो मारला, तो चुकला. तिला दाबून ठेवायला जपान्यांनी अराशी ही विनाशिका मागे ठेवली. अराशीने डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकले आणि मग ती आपल्या ताफ्याला गाठायला पूर्ण वेगाने ईशान्येकडे निघाली. वरून अमेरिकन वैमानिक मॅक्लस्कीची डाइव्ह बॉम्बर विमानं चालली होती, पेट्रोल संपत आलेलं, जपानी ताफा सापडत नव्हता. त्याला खाली पाण्यावर एकट्या जहाजाची पांढरी लांब रेघ दिसली. त्या रेघेच्या दिशेने तो वळला आणि काही मिनिटांतच त्याला समोर जपानी विमानवाहू जहाजं दिसली.